तळं राखील तो शपथ घेईल

जागतिक पर्यावरण दिनाची तारीख ज्यांनी ठरवली, त्यांनी नातेपुत्याच्या शाळेला विचारलेलं दिसत नाही. पाच जूनला आमच्या शाळेत दोनच जीव असतात, व्हरांड्यात खाट टाकून पडलेले शिपाईमामा आणि त्या खाटेखाली पडलेलं कुत्रं. शाळा उघडते पंधरा जूनच्या आगेमागे. तलावही त्या दिवशी सुट्टीवरच असतो. माळशिरस तालुका पडला पर्जन्यछायेत. जूनमधले ढग वारकऱ्यांसारखे येतात, आमच्या डोक्यावरून पंढरपूरच्या दिशेनं जातात आणि बहुतेक वेळा आम्हाला न भिजवताच जातात. भरवशाचा पाऊस म्हणाल तर सप्टेंबरातला. तेव्हा वाचवायला तलावात पाणी नाही आणि वाचवणारी पोरं मामाच्या गावाला, असा आमचा पर्यावरण दिन.

दुसरा मुहूर्त दोन फेब्रुवारीचा, पाणथळ जागांचा. १९७१ साली इराणमधल्या रामसर गावी पाणथळींसाठी करार झाला, त्याची ही तारीख. करार करणाऱ्यांच्या शाळांत फेब्रुवारीत स्नेहसंमेलन होत नसावं. आमच्याकडे त्या सुमाराला वरच्या वर्गांची प्रॅक्टिकलची धांदल असते आणि खालच्या वर्गांच्या नाचाच्या तालमी. तिसरा मुहूर्त २२ मार्च, जलदिन. तेव्हा परीक्षांचे दिवस, निम्मे सर सुपरव्हिजनवर आणि तलावात पोटापर्यंत पाण्यात म्हशी.

असे तीनही मुहूर्त हुकतात. मग आमचा तलाव प्रमुख पाहुण्यांना सवड होईल त्या दिवशी वाचतो.

तलाव कोणता ते सांगत नाही. नातेपुत्याच्या आसपासच्या माळांवर पाझर तलाव काही कमी नाहीत. ज्याला जो जवळचा वाटेल त्यानं तो धरावा. शाळेचंही तसंच. वाचताना एखाद्या हेडसरांना ती आपलीच वाटली तर त्यांनी मनाला लावून घेऊ नये, बाकीच्या हेडसरांनाही तसंच वाटणार आहे.

पोरांना या कामात ओढण्याची कल्पना आमच्या शाळेची नाही. १९९१ मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की शाळा-कॉलेजात पर्यावरण हा सक्तीचा विषय करा आणि सिनेमागृहांत खेळाआधी पर्यावरणाच्या स्लाइड दाखवा. सिनेमावाल्यांचं काम तेवढ्यावर भागलं. शाळांच्या मागं मात्र विषय लागला, विषयामागून प्रकल्पवही आली आणि २००१-०२ मध्ये केंद्र सरकारची राष्ट्रीय हरित सेना आली. सेना म्हटल्यावर आमच्या पोरांनी पहिल्या दिवशी विचारलं, "सर, ड्रेस कवा मिळणार?" ड्रेस नव्हता. टोपीही नव्हती. सुरुवातीला शाळेमागं वर्षाला थोडंसं अनुदान होतं आणि त्यात शत्रूचं नाव लिहिलेलं नव्हतं. शत्रूशिवाय सेना उभी करायची म्हणजे ती कवायतच करणार. आमच्या सेनेनं मग शपथ घ्यायला सुरुवात केली.

ही शपथ एकदा कान देऊन ऐकण्यासारखी आहे. सातशे पोरं मैदानात उन्हात उभी, उजवा हात पुढे. पीटीचे सर माइकवर एकेक ओळ सांगतात आणि पोरं जीव तोडून म्हणतात.

"मी तलावात वाहन धुणार नाही." आठवीतल्या पोराकडं सायकल असते, आणि ती तो तलावातच काय, कुठंच धूत नाही.

"मी तलावात सांडपाणी सोडणार नाही." हे म्हणणाऱ्याच्या मालकीची अजून मोरीसुद्धा नाही.

"मी तलावाच्या जागेत अतिक्रमण करणार नाही." हे पाचवीतली एक पोरगी डोळे मिटून म्हणत होती. तिच्या दप्तरावर शेजारणीचं दप्तर सरकलं होतं, त्याकडंही तिचं लक्ष नव्हतं.

"मी प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती विसर्जित करणार नाही." घरात मूर्ती पप्पा आणतात आणि बोळवतातही पप्पाच. पोराच्या वाट्याला फक्त झांज.

अशी सारी शपथ त्या गुन्ह्यांची, जे तेरा वर्षांच्या माणसाला ठरवलं तरी करता येत नाहीत. तलावावर पोरं खरोखर जे करतात त्याचा उल्लेखही नव्हता. चपटे दगड फेकून पाण्यावर भाकऱ्या काढणं, गळ टाकून चिलापी धरणं, शाळा चुकवून बांधावर बसणं, यांतलं काही शपथेत असतं तर निम्म्यांनी हात खाली घेतले असते. आणि ज्यांना शपथेतलं सगळं करता येतं, किंबहुना जे ते रोज करतात, ती मंडळी मंडपात खुर्च्यांवर बसली होती. त्यांना कुणी हात पुढे करा म्हटलं नाही. ती पाहुणी. पाहुण्यांना शपथ देत नाहीत, शाल देतात.

शपथेनंतर भाषण. आमच्याकडच्या पाहुण्यांचा इतिहास पक्का असतो, याबद्दल मला आदर आहे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमदानातून सोलापुरात तळं खोदलं, हे बरोबर. मालोजीराजे भोसल्यांनी शिखर शिंगणापूरच्या डोंगरावर यात्रेकरूंच्या पाण्यासाठी तळं बांधलं, हेही बरोबर. तिथून भाषण थेट आमच्या तलावाच्या काठी पाहुण्यांनी गेल्या वर्षी स्वखर्चानं बसवलेल्या दोन सिमेंटच्या बाकांवर येतं. मधली चारशे वर्षं कुणी काही केलंच नाही. बाकांवर पाहुण्यांचं नाव आहे, पाठ टेकायच्या जागीच. बसणाऱ्याच्या शर्टावर ते उमटत नाही एवढंच.

व्यासपीठामागं फ्लेक्स होता. 'आपला तलाव, आपली जबाबदारी.' फ्लेक्सवरचा तलाव निळाशार, मागं बर्फाचे डोंगर, काठावर देवदार आणि एक लाकडी होडी. फ्लेक्सवाल्याला मी विचारलं, हा कुठला तलाव? तो म्हणाला, "तलाव टाका म्हनले, तलाव टाकला." फ्लेक्समुळं प्रदूषण होतं असं म्हणतात, पण आमच्याकडं फ्लेक्स वाया जात नाही. कार्यक्रम झाल्यावर तो तलावाकाठच्या एका शेळ्यांच्या गोठ्यावर चढला. पहिल्या पावसात तो आतल्या बाजूला वळला. आता त्या शेळ्या स्वित्झर्लंडखाली बसतात, आणि एवढ्या कार्यक्रमातून कुणाचं नक्की भलं झालं असेल तर त्यांचंच.

मग स्पर्धा. निबंधाचा विषय तलावाचे आत्मवृत्त. गाइडातला तलाव नेहमी पूर्वी सुंदर असतो आणि हल्ली रडतो. दोनशे वह्यांत दोनशे तलाव एकाच वाक्यापाशी रडले. एका पोरानं मात्र लिहिलं होतं, "मी तलाव बोलतोय. माझ्यात पाणी मार्चपर्यंतच असते, म्हणून जरा लवकर बोलतो." त्याला दहापैकी दोन. पाझर तलावाचं काम पाणी साठवून ठेवणं नसून ते खालच्या विहिरींना पाजणं असतं, म्हणजे तो आटला की त्यानं आपलं काम केलं, हे त्या पोराला ठाऊक होतं. त्याच्या बापाची विहीर बांधाखालीच आहे. तपासणाऱ्या बाईंचं घर नळाच्या पाण्यावर. चित्रकलेत एका पोरीनं सगळा कागद हिरवा रंगवला होता. सर म्हणाले, "तलाव काढायला सांगितला होता, मका कशाला काढलास?" ती म्हणाली, "सर, तलावच हाय." सरांनी मग खिडकीतून नाही, पण मनातल्या मनात तलाव पाहिला आणि तिला उत्तेजनार्थ दिलं.

इतिहासाचा गृहपाठ होता, 'आपल्या तलावाचा इतिहास लिहून आणा.' तिसऱ्या दिवशी पंचवीस-तीस वह्यांत आमचा पाझर तलाव उल्कापातानं झाल्याचं निघालं. मोबाइलवर 'महाराष्ट्रातील तलाव' असं शोधलं की लोणार आधी येतं, आणि लोणार तर २०२० मध्ये रामसरच्या यादीत गेलेलं, त्यामुळं माहिती भरपूर. सरांनी एवढंच विचारलं, की मग आपलं पाणी लोणारसारखं खारट का नाही? मागच्या बाकावरून उत्तर आलं, "आपल्या उल्केत मीठ कमी आसंल."

एका पोरीनं मात्र मोबाइल न बघता आजीला विचारलं होतं. आजी म्हणाली, "तळं व्हय? म्या बांदलं." पोरगी म्हणाली, "सरकारनं बांधलं, असं सर म्हणतात." आजी म्हणाली, "सरकार कुटं हुतं? मुकादम हुता."

बाहत्तर सालचा दुष्काळ. महाराष्ट्रातल्या लाखो माणसांनी तेव्हा दुष्काळी कामांवर खडी फोडली, रस्ते केले, तलावांचे बांध घातले. कामावर सुकडी मिळायची, रेशनला लाल मिलो ज्वारी. आजी रोज टोपलीनं माती वाहायची, पोटाशी पोर बांधून. त्या पोरानं पुढं ट्रॅक्टर घेतला, त्याचं पुढं येईलच. गंमत अशी, की ज्या परिषदेची आठवण म्हणून पाच जून हा दिवस पाळतात, ती स्टॉकहोमची परिषदही १९७२ चीच. इंदिरा गांधी तिथं गेल्या होत्या. यजमान स्वीडनचे पंतप्रधान सोडले तर तिथं गेलेल्या पंतप्रधान त्या एकट्याच. तिकडं जगभरचे पुढारी माणूस आणि पर्यावरण यांवर बोलले आणि त्याच वर्षी इकडं पाऊस गेला, तेव्हा आमच्या बाया पर्यावरण डोक्यावरून वाहत होत्या. पुढं १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, तो या अनुभवातूनच. पाहुण्यांच्या भाषणातल्या मधल्या चारशे वर्षांत ही आजी कुठंतरी बसते. सिमेंटच्या बाकावर तिचं नाव नाही. तिला ते वाचताही आलं नसतं, पण तिच्या नातीला आलं असतं.

पोरीनं हे सगळं आजीच्या भाषेत लिहून आणलं. बाईंनी शुद्धलेखनाचे गुण कापले.

एवढं झालं तरी एकाही पोरानं अजून तलाव जवळून पाहिलेला नव्हता, म्हणजे शाळेतर्फे पाहिलेला नव्हता. कारण शाळेचा नियम. पाण्याजवळ विद्यार्थी न्यायचे तर पालकांचं संमतिपत्र, संस्थेची परवानगी, मुलींसोबत बाई, प्रथमोपचार पेटी, आणि तरीही काही झालं तर जबाबदार सर. भीती खोटी नाही. दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या तळ्यात पोरं बुडाल्याची बातमी येतेच. पण त्यामुळं फळ्यावर एकाखाली एक दोन सूचना लागल्या होत्या. 'तलाव वाचवा' आणि 'तलावाकडे जाऊ नये.' यावर विज्ञानाचे सर म्हणाले, "लांबून वाचवायला तो काय देशाची सीमा आहे?" त्यांनी पोहता येणारी आठ पोरं-पोरी निवडली, त्यांतल्या चौघांचे बाप बोलावले, ट्रॅक्टरची हवा भरलेली ट्यूब आणि दोर घेतला आणि शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर वरात निघाली. पोरं विहिरीत सूर मारून पोहायला शिकलेली. सर बी.एड. करून. त्यामुळं काठावर कुणी कुणावर लक्ष ठेवायचं यावर थोडी चर्चा झाली.

सरांच्या हातात खिचडीची ताटली होती. शालेय पोषण आहारातली, चेपलेली, हिशेबातून बाद झालेली. तिचे चार भाग करून दोन काळे, दोन पांढरे रंगवले होते, मधोमध भोक पाडून दोरी ओवली होती आणि दोरीला वीतभर अंतरावर गाठी. ही युक्ती १८६५ सालची. रोममधले आंजेलो सेक्की नावाचे पाद्री, धंद्यानं खगोलशास्त्रज्ञ, पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात पांढऱ्या तबकड्या सोडून बघत होते, की कुठपर्यंत दिसतात. तबकडी जितकी खोलवर दिसेल तितकं पाणी नितळ. काळा-पांढरा रंग नंतरच्या एका अमेरिकन माणसानं चढवला. जगभर तळ्यांची नितळाई अजून याच ताटलीनं मोजतात. तिला वीज लागत नाही, अ‍ॅप लागत नाही आणि ती चोरीला जात नाही. पोरं तिला 'शेकीची ताटली' म्हणतात. सेक्कींना काही हरकत नसावी. पोपचं जहाज काय आणि ट्रॅक्टरची ट्यूब काय, ताटली दोन्हीवरून बुडतेच.

आणि एक रजिस्टर. साधं, लाल कापडी पाठीचं. तारीख, ताटली किती गाठींपर्यंत दिसली, पाण्याचा रंग, वास, पक्षी, मासे, शेवटी 'शेरा'. दर महिन्याला एक फेरी.

इथून मजा सुरू झाली. पोरांना शपथ दिली की ती विसरतात आणि रजिस्टर दिलं की ती पोलीस होतात. पावसाळा संपता संपता पाणी तांबडं, ताटली पहिल्याच गाठीला गडप. दिवाळीनंतर गाळ बसला, ताटली खोलवर दिसू लागली, पोरं खूश. मग जानेवारी सरता सरता पाणी हिरवं होऊ लागलं आणि ताटली पुन्हा वर आली. का? सरांनी सांगितलं, कपड्याच्या साबणाचा फॉस्फेट, गटाराचं पाणी, उसाला टाकून वाहून आलेलं खत, हे सगळं शेवाळाचं जेवण. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्री स्वतःच ओढतं, म्हणून पहाटे पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी. एका पोरानं लगेच सांगितलं, की त्याचे आजोबा पहाटे तलावाकडं जातात तेव्हा मासे वर येऊन तोंड उघडतात, आणि आजोबांचं म्हणणं ते काकडआरती म्हणतात. शेऱ्यात त्यानं लिहिलं, "मासे गुदमरतात. आजोबांना सांगितले. त्यांना पटले नाही."

पक्ष्यांच्या रकान्यानं एकदा घोटाळा केला. काळाकुट्ट अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा लावलेला जो पाणपक्षी हिवाळ्यात थव्यानं उतरतो, त्याला वारकरी म्हणतात. पोरांनी जानेवारीत नोंद केली, "वारकरी साठ-सत्तर, मुक्काम पाण्यात." वरून तपासणीला आलेल्या साहेबांनी हेडसरांना विचारलं, "आषाढीला अजून पाच-सहा महिने आहेत, ही मंडळी एवढ्या लवकर कशी आली? आणि त्यांची सोय पाण्यात का केलीत?"

खऱ्या वारकऱ्यांची सोय कशी करायची हे नातेपुत्याला शिकवावं लागत नाही. धर्मपुरीला जिल्ह्यात आलेली माउलींची पालखी रात्री आमच्या गावी मुक्कामाला असते, सकाळी उठून माळशिरसकडं निघते, वाटेत सदाशिवनगरला गोल रिंगण. एका रात्रीत लाखांनी माणूस उतरतो. पाण्याचे टँकर, फिरती शौचालयं, आरोग्यपथक, झाडू घेतलेली माणसं, सगळं जागच्या जागी. पालखी हलली की तळ झाडायला पोरंही जातात. त्यांतल्याच एकानं विचारलं, "सर, एका रातीसाठी एवढी माणसं राबत्यात, मग तलावासाठी का न्हाय?" हेडसर म्हणाले, "अरे, पालखी उद्या निघून जाणार असते. तलाव कुठं चाललाय?" प्रशासनावर मी पुष्कळ पुस्तकं चाळली आहेत, एवढं नेमकं वाक्य कुठं सापडलं नाही.

गणपतीत सरांनी व्हरांड्यात दोन बादल्या मांडल्या. एकीत शाडूची छोटी मूर्ती, दुसरीत प्लास्टर ऑफ पॅरिसची. शाडूचे गणपती संध्याकाळपर्यंत गाळ होऊन तळाशी बसले. दुसरे तसेच. प्लास्टर म्हणजे भाजलेला जिप्सम, पाणी लागलं की तो पुन्हा दगडासारखा होतो, विरघळायचं नाव घेत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१० मध्ये विसर्जनाच्या सूचना काढल्या आणि २०२० मध्ये त्या कडक करून प्लास्टरला नको म्हटलं, ते याचमुळं. वरचे रंग तर आणखी वेगळे. पण बादलीतल्या बाप्पांना या सूचना पोचल्या नव्हत्या. ते चौथ्या दिवशीही हसतमुख. शिपाईमामांना राहवेना. मूर्ती शाबूत आहे म्हणजे देव आहे, असा त्यांचा सरळ हिशेब. त्यांनी सकाळी बादलीला हार घालायला सुरुवात केली. मग पोरींनी दुर्वा आणल्या. घटस्थापनेपर्यंत विज्ञानाच्या प्रयोगाची दोन वेळा आरती होत होती आणि प्रसादाला गर्दी वाढल्यामुळं शाळेची हजेरी सुधारली. शेवटी सरांनी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं काढलेली तोड वापरली. अमोनियम बायकार्बोनेट, म्हणजे बेकरीवाले बिस्किटं फुगवायला वापरतात तीच पूड, पाण्यात टाकली. प्लास्टरची हळूहळू चुनखडी झाली आणि वर राहिलं ते अमोनियम सल्फेट, म्हणजे खत. मामांनी नारळ फोडला आणि ते पाणी शाळेच्या जास्वंदीला घातलं. जास्वंद आता छताला लागली आहे. मामा म्हणतात, पावला.

इथपर्यंत सगळ्यांना कौतुकच होतं. 'माझी वसुंधरा' अभियानाच्या फायलीला फोटो मिळाले, नगरपंचायतीनं पाठ थोपटली. बिघडलं ते 'शेरा' या रकान्यापाशी. पोरांनी एका फेरीला लिहिलं, "सकाळी तलावात तीन ट्रॉल्या, एक जीप, एक टेम्पो धुतला. पाण्यावर तेलाचा तवंग." इथवर ठीक. पण पोरं बारकाईनं बघायला शिकली होती, त्यांनी गाड्यांचे नंबरही टिपले. एमएच-४५ च्या पुढचे आकडे वाचून हेडसरांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचले आणि रजिस्टर कपाटात ठेवलं. जीप पाहुण्यांची होती. एक ट्रॉली त्या आजीच्या मुलाची, जो बांधावर तिच्या पोटाशी बांधलेला असायचा. हा माणूस वाईट नाही. चैत्रात शिंगणापूरची कावड मुंगी घाटातून वर चढते, तेव्हा साखळीत उभा राहून, खरचटून घेऊन, देवाचं पाणी सांडू न देणाऱ्यांतला तो आहे. पण शेतातून आला की ट्रॉलीला चिखल असतो, आणि ती धुवायला गावात तेवढं पाणी एकाच ठिकाणी आहे.

शाळा समितीची बैठक झाली. एक सदस्य म्हणाले, "पोरास्नी चांगलं चांगलं लिवाय सांगा की." दुसरे म्हणाले, रजिस्टर ठेवा, पण शेऱ्याचा रकाना काढा. तिसऱ्यांनी सुचवलं, पक्षी मोजा, गाड्या मोजू नका. गाड्या आरटीओ मोजतं. विज्ञानाचे सर म्हणाले, मग ताटलीसुद्धा खोटी सोडावी लागेल, कारण तवंग असला की ती दिसत नाही. यावर पुन्हा चित्रकला स्पर्धा घ्यावी असं ठरलं. चित्रात गाड्यांचे नंबर काढायला जागा नसते.

माझं मत विचाराल तर तलाव राखायला पोरांइतकं योग्य कुणी नाही, आणि म्हणूनच मोठ्यांना ती तिथं नको असतात. मोठ्यांना पोरं हवी असतात ती रॅलीत, पुढच्या रांगेत, हात वर करून, फोटोत गोंडस दिसायला. ताटली हातात घेऊन गाठी मोजणारं पोर गोंडस दिसत नाही. ते पाण्याकडं बघतं, मग तुमच्याकडं बघतं. आजीच्या नातीनं घरी जाऊन बापाला एवढंच सांगितलं होतं, की तुमचा नंबर रजिस्टरात आलाय. बाप भडकला. आजीनं मधे पडून विचारलं, "ज्या तळ्याला म्या पोरगं पोटाशी बांदून माती वाहिली, त्यात तेल सोडायला तुला लाज वाटंना?" त्यानंतर ती ट्रॉली तलावात दिसलेली नाही. शपथेनं हे झालं असतं असं मला वाटत नाही, आणि चित्रकलेनं तर नाहीच.

समितीच्या ठरावाचं काय झालं, तर शेऱ्याचा रकाना गेला. पोरांनी त्याच जागी 'इतर पक्षी' असा रकाना आखला. त्यात सध्या जीप आणि टेम्पो उतरतात, नंबरासकट, येण्या-जाण्याच्या वेळेसह.

तेव्हा नातेपुत्यातल्या आणि आसपासच्या सगळ्या मोठ्या माणसांना एक विनंती. पुढच्या वेळी शपथेचा कार्यक्रम ठेवलात तर पोरांना खुर्च्यांवर बसवा आणि उन्हात तुम्ही उभे राहा. मजकूर तोच चालेल, तो तुमच्यासाठीच लिहिलेला आहे. आणि रजिस्टर कुणालाही वाचायला मिळतं. शनिवारी सकाळची शाळा असते, सुटल्यावर या. गाडी मात्र रस्त्यावर लावा, तलावाकडच्या बाजूला नको.